टोकाचा नळ

फिन्बर नळाखाली बोटं धरून उभा होता. पाणी गारच. बोटं बधिर व्हायला लागली, तेव्हा कुठे कोमट झालं आणि मग एकदाचं गरम.

"आलं का?" बायकोने, ओर्लाने, दारातून विचारलं.

"आत्ता आलं. हीटरची टाकी तिकडे स्वयंपाकघराशी, नळ इकडे. अख्खं घर ओलांडून यायचं त्याला."

"मग पाहुणे काय कुडकुडत उभे राहणार? एकाने वाईट लिहिलं की झालं, खोली रिकामीच."

खोली त्याच्या आईची होती, हॅनाची. वडील गेल्यावर त्यानेच ती घराच्या मागच्या टोकाला बांधली होती, न्हाणीघरासकट. सोमवारी आई वृद्धाश्रमात जाणार आणि उन्हाळ्यात खोली भाड्याने द्यायची. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या त्या किनाऱ्यावर समुद्र बघायला येणाऱ्यांना काय तोटा!

आई आंघोळ करत नाही, हे तिला तपासायला घरी येणारी नर्स दर भेटीला सांगे. ओर्ला बोलून थकली, फिन्बर तर एकदा ओरडलाच. आई "हो रे, करते" म्हणायची आणि करायची नाही. वयाने डोकं चालेनासं झालंय, आता वृद्धाश्रमच बरा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर फिन्बरला ते सोयीचंही होतं.

त्याने बेसिनखाली छोटा पंप बसवला. नळीत थबकलेलं गार पाणी मागे ढकलायचा आणि गरम पाणी इथवर ओढून आणायचा. जेवायच्या आत काम उरकलंसुद्धा. एवढंसं काम, आणि चार हिवाळ्यांत सुचलं नव्हतं! त्याने मान झटकली आणि हत्यारं गोळा करू लागला.

आई कोंबड्यांना दाणे घालून आली. नेहमीसारखा नळ सोडला आणि चटकन हात मागे घेतला.

"अगं बाई! गरम?"

"आता लगेच येतं, आई."

"मला वाटायचं, या नळाला गरम पाणी जोडलेलंच नाही."

फिन्बर तिच्याकडे बघतच राहिला. "अगं, थोडं सोडून ठेवायचं ना!"

"वाहू द्यायचं? नुसतंच? लहानपणी विहिरीवरून बादल्या वाहिल्यात मी. गार आलं की बंद करायची. थंडीत डोक्यावरून घ्यायचं जिवावर यायचं रे. मग किटलीतल्या पाण्याने अंग पुसायची."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेने बांधलंस. फुकटचं राहायचं, आणि वर खोडही काढायची?"

फिन्बरला तो ओरडला होता तो दिवस आठवला. लाज वाटली, इतकी की पान्हा हातातच राहिला.

आईने ओल्या हाताने त्याचा गाल थोपटला. "जायच्या आधी दोन दिवस का होईना, आईसाठी केलंस. गुणाचं पोर माझं. सर आता, मला मस्त न्हाऊ दे."

पाहुण्यांसाठी केलंय, हे त्याच्या ओठांवर आलं. पण तो म्हणाला, "सावकाश न्हा, आई."

दाराबाहेर तो भिंतीला टेकून उभा राहिला. आत पाणी पडत होतं. आई गुणगुणत होती. वडील गेल्यापासून तिचा हा आवाज त्याने ऐकला नव्हता. वेडी म्हणे! गार पाणी नको म्हणणारी बाई वेडी, तर मग या गावात शहाणं कोण? त्याने खिशातून फोन काढला. वृद्धाश्रमाला सांगायचं, आई सोमवारी येत नाही. दुसरं काय सांगायचं असतं? नंबरही काढला.

"झाला का पंप?" ओर्ला स्वयंपाकघरातून ओरडली. "चला, पाहुण्यांची चिंता मिटली! सोमवारी दुपारीच भिंती रंगवून घेऊ, काय?"

फिन्बरने हातानेच तिला गप्प राहायला खुणावलं. पण मध्ये भिंत होती, तिला काय दिसणार!

आतलं गुणगुणणं थांबलं. मग नळही बंद झाला.

"फिन्बर," आईने आतून हाक मारली. आवाज अगदी रोजचाच. "हीटर बंद कर रे. उगाच जळतोय. माझं झालं."