उजवीकडची पाकळी

पाकळी सुकताना सगळीकडून सारखी सुकत नाही. देठाकडचा भाग अजून मऊ होता, कडा मात्र आत वळून तपकिरी झाल्या होत्या, आणि मधोमध, जिथे ती मूर्तीच्या ओल्या दगडाला चिकटली होती तिथे, गंधाचा एक पांढरट ठिपका उरला होता... गौरवीने फ्रिजवरची स्टीलची वाटी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. देवळातून आल्यापासून ती रोज सकाळी हे बघत होती, पाकळी किती आक्रसली ते. तिच्या औषधांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गोळ्या उष्णतेत ठेवून त्यांच्यात काय बदल होतो ते बघायचं, तसं. सासूने वाटी देव्हाऱ्यात ठेवली नव्हती. फ्रिजवर ठेवली होती, येता-जाता सुनेच्या नजरेस पडेल अशी. देवाने उजवा कौल दिला होता, आणि उजवा म्हणजे कर.

पार्सेतल्या या घरात कौल घेतल्याशिवाय मोठं काही होत नसे. पुजारी मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावी, गाऱ्हाणं घाली, आणि मग सगळे श्वास धरून वाट बघत. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्या दिवशी मागे बरेच लोक उभे होते. पुजाऱ्याने विचारलं, गाऱ्हाणं कसलं? आणि कमलाक्षीबाई, गौरवीच्या सासूबाई, क्षणभर घुटमळल्या, पदर सारखा केला, आणि म्हणाल्या, “सुनेच्या छातीत गाठ आसा. ऑपरेशन करूचा काय नको, ता देवान सांगूचा.”

गौरवी शेजारीच हात जोडून उभी होती. तिच्या छातीत गाठ नव्हती. तिच्या पोटावरची, मांड्यांवरची चरबी काढून ती छातीत भरायची होती, पणजीच्या एका दवाखान्यात, कारण रुद्रेशला, तिच्या नवऱ्याला, ती जरा भरलेली हवी होती. एवढं देवासमोर आणि त्या लोकांसमोर सासूला म्हणवेना, म्हणून तिने गाठ केली. आणि उजवीकडची पाकळी सुटली... नमुन्यावर चुकीचं लेबल लावलं की यंत्र कितीही अचूक असो, उत्तर दुसऱ्याच कशाचं तरी येतं. हे प्रयोगशाळेतल्या नव्या पोरींना ती पहिल्याच दिवशी सांगते. पण तिथे, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी, ती काहीच बोलली नाही. गाडीत रुद्रेश म्हणाला की आता देवानेसुद्धा सांगितलं, आता तुझं काय ते एकदा सांग. तेव्हाही नाही. उद्या सोमवार. उद्या दवाखान्याला कळवायचं होतं.

वाटी तिने परत फ्रिजवर ठेवली, होती तशीच.

न बोलण्यात एवढी चव असते हे तिला ठाऊक नव्हतं. गाठीची बातमी त्याच संध्याकाळी वाड्यावर पसरली, आणि माणसं यायला लागली. शहाळी घेऊन, मोसंबी घेऊन, कुणी नुसतेच डोळे पुसत. प्रत्येकाला कमलाक्षीबाईंना बसवावं लागे, चहा द्यावा लागे, आणि वाकून ऐकून घ्यावं लागे की किती गुणाची सून, आणि तिच्याच वाट्याला हे यावं. खरं सांगावं तर दुसरं काय आहे तेही सांगावं लागलं असतं. गौरवी आतल्या खोलीत पडून हे ऐकायची, एकेक शब्द, मासळीचा काटा जिभेने वेगळा करावा तसा. सासू आता भल्या पहाटे उठून तिच्यासाठी पेज शिजवी. आणि रुद्रेश... रुद्रेशचे मित्र त्याचा हात हातात घेत. देवेश तर रक्त द्यायला निघाला होता.

देवेश. गेल्या वर्षी काजूच्या दिवसांत, मागच्या अंगणात हुर्राकाची, काजूबोंडांच्या दारूची, पहिली बाटली उघडली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तोच हसला होता. ती तळलेल्या सुंगटांची, कोलंबीची, बशी घेऊन बाहेर आली आणि पुन्हा आत जायला वळली, तेवढ्यात रुद्रेश म्हणाला होता, आमच्या हिची पुढची बाजू खंयची, पाठची खंयची, ती विचारून घेवची लागता. बोंडूंचा आंबूस वास, बल्बभोवती किडे, आणि ते हसू... आणि मी हसले. बशी हातात धरून मी पण हसले. नंतर किती वेळा आठवून पाहिलं, मी तेव्हा खरंच हसले का, की ओठ नुसते मागे गेले. पण हसलेच होते. देवेश म्हणालाही होता, वयनी बरी खेळकर आसा.

त्याच रात्री रुद्रेशने ऑपरेशनचं काढलं, आणि तिने ठरवलं होतं. करून घ्यायचं. त्याच्या हट्टाने, त्याने ठरवलेल्या दवाखान्यात, त्याला हवं तसं सगळं करून घ्यायचं, आणि मग त्याला बोटही लावू द्यायचं नाही. समोरून जायचं, समोर बसून जेवायचं, आणि त्याने नुसतं बघत राहायचं, मरेपर्यंत. हा बेत तिने कित्येक महिने घासूनपुसून लख्ख ठेवला होता. त्यात आणखी एक गोष्ट होती, ती मात्र ती स्वतःलाही धड सांगत नसे. कपड्यांच्या दुकानात आरशासमोर उभं राहून कधीकधी तिलाही वाटलं होतं, असती तर... रुद्रेश मधे नसता तर हे तिचं स्वतःचं वाटणं झालं असतं का? तेवढंही त्याने तिच्यापाशी ठेवलं नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तिच्या मॅमोग्राफीचं चित्र पडद्यावर लावलं होतं. जवळजवळ सगळं पांढरं, धुक्यात माहेरच्या आमोण्याची नदी दिसावी तसं. ऊतक दाट आहे, बाई म्हणाल्या. चरबी यात काळी दिसते, ऊतक पांढरं, आणि गाठ असली तर तीही पांढरीच. दाट आहे म्हणून चरबी भरता येत नाही असं नाही. पण घरात कुणाला कॅन्सर झालेला आहे का? मावशीला, गौरवी म्हणाली. तिची गाठ अशाच पांढऱ्यात लपून राहिली होती. मग आधी एमआरआय करू, बाई म्हणाल्या, आत काही नाही याची खात्री करून घेऊ. भरलेल्यातली काही चरबी अंगात जिरते, थोडी मरते, आणि मेलेल्या चरबीचे कधीकधी चुन्यासारखे कण होतात. बहुतेक वेळा ते ओळखू येतात, कधी मात्र सुई घालून बघावं लागतं, आणि उत्तर येईपर्यंत झोप लागत नाही, त्याचीही तयारी हवी. शिवाय तुमच्या अंगावर चरबी मुळात कमी. फरक थोडाच पडेल.

“थोडो म्हणजे कितको?” रुद्रेशने विचारलं होतं.

सगळ्या तपासणीत त्याचा तेवढा एकच प्रश्न. मावशी, सुई, पांढरं चित्र, यांतलं काही त्याच्या कानांत शिरलंच नसावं. परतताना पर्वरीच्या चढावर तो शिटी वाजवत होता.

दुपारी जेवणं झाल्यावर तिची मुलगी तनया खोलीत आली आणि तिने दार लोटलं. सहावीत गेल्यापासून ती दप्तर छातीशी धरून चालायची. आता दप्तर नव्हतं, तरी हात तसेच होते. बराच वेळ ती चादरीचा एक धागा ओढत बसली. मग म्हणाली की वर्गातल्या मुली म्हणतात, हे घराण्यातून येतं. आधी तुझी मावशी, मग तू.

“आणि मग मी,” ती म्हणाली. “माका आयलीसा, आई. ह्या बाजूक. दुखता पण.”

गौरवीने तिचे हात हळूच बाजूला केले. डावीकडे, अगदी मधोमध, शर्टाच्या बटणाएवढं काहीतरी, दाबल्यावर दुखणारं. उजवीकडे काहीच नव्हतं. तिला एका क्षणात कळलं, आणि कळल्यावरही तिची बोटं तिथून निघेनात. ती सांगत राहिली, शिकवताना सांगावं तशी सावकाश, की अंग वाढायला लागलं की हे असंच होतं, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या, सगळ्याच मुलींना होतं, ही गाठ नव्हे. किती दिवस हे एकटीने दाबून बघत होतीस? तनयाने आईकडे नीट बघितलं आणि विचारलं, “मग तुका? तुका खरीच आसा?”

नाही, एवढं म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न होता — मग ऑपरेशन कसलं? आणि त्याचं उत्तर, या मुलीला, आजच, तिच्या अंगाला पहिल्यांदा काही व्हायला लागलं असताना... गौरवी म्हणाली, झोप जरा. स्वतः भिंतीकडे तोंड करून पडली. एवढे दिवस जिभेवर घोळवलेलं ते मौन आता घशात आडवं झालं होतं. राग कमी झाला नव्हता, उलट तो पहिल्यांदाच स्वच्छ दिसत होता. मुलीने पुढे आपली छाती कुणाच्या डोळ्यांनी मोजायची, हे या घरात आत्तापासूनच ठरत होतं. आणि मी पडून राहून चव घेत होते.

संध्याकाळी देवेश आला, बरोबर त्याची आई, कुसुमकाकी. शहाळ्यांची जोडी दाराशी ठेवून देवेश रुद्रेशच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. रुद्रेश जमिनीकडे बघत होता. कमलाक्षीबाई चहाला म्हणून उठल्या. कुसुमकाकींनी गौरवीला जवळ बसवून घेतलं, तिचा हात आपल्या मांडीवर धरला.

“घाबरा नको गो बाये,” त्या म्हणाल्या. “देवान उजवो दिल्यान मगे? काढून टाक आणि मोकळी हो.”

स्वयंपाकघराच्या दारात तनया उभी होती, दोन्ही हात छातीवर. गौरवीने एकदा हिशेब केला. बोललं की ही माणसं उठून जातील, पेज बंद होईल, रुद्रेशच्या खांद्यावरचा तो हात निघेल, आणि गावात आपलं नाव वेगळ्या कारणाने घेतलं जाईल. पडद्यावरचं ते पांढरं चित्रही तसंच राहील. एमआरआय ती करून घेईल, पण स्वतःसाठी, कुणाला न विचारता. आत काय आहे ते आज तरी तिला ठाऊक नव्हतं. फक्त काय नको ते ठाऊक होतं, आणि ते कदाचित त्या अंगणातल्या रात्रीपासूनच ठाऊक असावं. तिने काकींच्या मांडीवरून हात काढून घेतला.

“काकी,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज प्रयोगशाळेत नळीवरचा आकडा वाचून दाखवताना असतो तसा सरळ निघाला, “माझ्या छातीत गाठ नाय. आईंनी देवाक खोटा सांगल्यानी. तुमच्या देवेशासमोर हेंका लाज वाटता, म्हणून हेंका माझी छाती मोठी करून व्हयी. माका ती करूची नाय.”