हलक्या कानाचा

आमच्या नाटक कंपनीत मला सगळे कुजबुजे म्हणतात. एकतीस वर्षं मी विंगेत उभा राहून नटांना वाक्यं सांगतोय, दुसरं काय म्हणणार? प्रेक्षकांनी माझं तोंड कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी तीनच्या प्रयोगाला पाहिलं.

नाटक जुन्या धर्तीचं, रडारडीचं. राजाचा धाकट्या भावावर जीव. प्रधान राजाचे कान भरतो, राजा भावाला मारतो, आणि भावाची काही चूक नव्हती हे त्याला मागाहून कळतं. राजा नाना करायचे. वय त्र्याहत्तर, आवाज खणखणीत, पण दोनेक वर्षांपासून वाक्यं विसरायला लागले होते. म्हणून मालकांनी त्यांच्या कानात एक बारीकसं यंत्र बसवलं. टोपाखाली ते दिसायचं नाही. मी माइकमध्ये हळू बोललो की फक्त नानांना ऐकू जायचं.

प्रधानाचं काम करणाऱ्याला आम्ही रंगमंचाबाहेरही प्रधानच म्हणायचो. त्याला राजा व्हायचं होतं, आणि हे सगळ्या कंपनीला माहीत होतं. त्या दिवशी दौरा ठरवणारी माणसं पहिल्या रांगेत बसली होती. मालकांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, "आज नाना अडखळले तर दौऱ्यात राजाचं काम प्रधान करणार. माझा नाइलाज आहे."

मध्यंतरात प्रधान माझ्याजवळ आला.

"कुजबुजे, एक विचारू? रागवणार नाही ना?"

"विचार."

"जाऊ दे. गेलेल्या माणसाबद्दल कशाला बोलायचं."

गेलेलं माणूस म्हणजे माझी बायको. ही जाऊन सात महिने झाले होते. चहा गाळता गाळता खाली बसली ती उठलीच नाही.

"आता बोल ना!"

"नाही हो, वहिनी देवमाणूस होत्या. मीच वेडा. माझी खोली नानांच्या समोरच. दर गुरुवारी दुपारी वहिनींची चप्पल नानांच्या दाराशी दिसायची. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेलच."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. मला काडीचंही ठाऊक नव्हतं.

"मग झालं तर! मी आपलं उगाच." त्याने खिशातून चष्म्याचं घर काढून माझ्या हातात ठेवलं. "नानांच्या टेबलाच्या खणात होतं. तुमच्याकडे असावं म्हणून उचललं. त्यांना बोलू नका हं."

निळं घर, कोपऱ्यात दोऱ्याने शिवलेलं. टाके माझे होते. ही गेल्यावर मी ते घरभर शोधलं होतं.

गुरुवारी दुपारी ही दातांच्या डॉक्टरकडे जायची. निदान मला तसं सांगायची. आठ महिने, दर गुरुवारी! माणसाला दात बत्तीसच असतात हो. हे तेव्हा माझ्या डोक्यात कसं आलं नाही? आणि आता विचारू कोणाला? जिवंत बायकोशी निदान भांडता तरी येतं.

घंटा झाली. रंगमंचावर जाता जाता प्रधान माझ्या कानाशी लागला, "तुमच्या जागी मी असतो तर आज एक वाक्य गिळलं असतं. एकच."

दुसरा अंक मी कसा पार पाडला, मला आठवत नाही. शेवटचा प्रवेश आला. भावाच्या प्रेताजवळ राजा बसलेला, बाजूला प्रधान उभा. इथे नानांचं मोठं भाषण होतं, नऊ वाक्यांचं. पहिलं वाक्य मी द्यायचं, मग पुढची एकेक करून.

मी पान उघडलं, माइक तोंडाशी धरला आणि बोललो नाही.

नाना थांबले. प्रेक्षक खोकायचे थांबले. प्रधानाने मान खाली घातली होती, पण त्याच्या ओठाचा कोपरा हलताना मी पाहिला. पहिल्या रांगेतला एक जण शेजाऱ्याकडे झुकला. खोटं कशाला बोलू, मला आनंद होत होता. बोला ना नाना, आता बोला की!

नानांनी विंगेकडे, सरळ माझ्याकडे पाहिलं. टोप सावरल्यासारखं करून त्यांनी कानातलं यंत्र काढलं आणि मुठीत दाबलं. दुसऱ्या हाताचा अंगठा त्यांनी करंगळीच्या पहिल्या पेरावर टेकवला.

"ऊठ," ते म्हणाले.

दुसरं पेर. "दादा म्हणून हाक मार."

तिसरं पेर. "मी ओ दिल्याशिवाय तू कधी गेला नाहीस." आणि भुवया वर उडवल्या.

माझ्या हातातलं पान गळून पडलं. एका पेराला एक वाक्य, आणि तिसऱ्या पेराला भुवया! ही शाळेत पहिलीच्या वर्गाची बाई होती. आमच्या लेकीकडून हिने कविता अशाच पाठ करून घेतल्या होत्या. एक ओळ चुकली की पुन्हा करंगळीपासून. ते गुरुवार माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उभे राहिले. त्र्याहत्तर वर्षांचा राजा खुर्चीत बसून बोटं मोजतोय, आणि ही चष्मा लावून समोर वही धरून बसलीय. शिकवणी! माझी बायको शिकवणीला जात होती!

सहाव्या पेरावर नाना अडकले. अंगठा पुन्हा करंगळीवर गेला, ओठ हलले, सहाव्याला पुन्हा अडकले. मी घाईघाईने माइकमध्ये वाक्य सांगितलं. काय उपयोग? यंत्र त्यांच्या मुठीत होतं.

खुंटीवर सेवकाचा डगला होता, टेबलावर पाण्याचा तांब्या. डगला उलटा की सुलटा, बघितलं नाही. तांब्या उचलला आणि उजेडात शिरलो.

"कोण रे तू?" प्रधान गरजला. आवाज नाटकातला, डोळे खरे. "तुला कोणी बोलावलं?"

सगळ्यांची वाक्यं मला पाठ. माझं असं एकही नव्हतं.

"राजांना तहान लागलीय," मी म्हणालो.

"राजांनी पाणी मागितलेलं नाही!"

"तुम्हाला ऐकू आलं नसेल, प्रधानजी."

प्रेक्षकांतून कोणीतरी टाळी वाजवली. मी नानांसमोर वाकलो. तांब्यातलं अर्धं पाणी माझ्याच पायावर सांडलं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सहावं वाक्य सांगितलं, "भावाचा आवाज मला ओळखीचा होता, तरी मी तुझा ऐकला."

नाना सावकाश प्रधानाकडे वळले आणि ते वाक्य असं फेकलं, की प्रधान एक पाऊल मागे सरला. ते पाऊल संहितेत नाही. पुढची तीन वाक्यं नानांनी एका दमात म्हटली. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात.

मालक धावत आले. "राजा नानाच! दौरा पक्का! आणि कुजबुजे, तो पाण्याचा प्रसंग दौऱ्यातही ठेवा असं म्हणतायत ते!" प्रधान तोंडावरचा रंग न पुसताच निघून गेला.

रंगपटात आम्ही दोघंच उरलो.

"नाना, यंत्र बिघडलं नव्हतं."

"माहीत आहे. तुझा श्वास ऐकू येत होता."

मी सगळं सांगितलं. ते टोपातल्या पिना काढत ऐकत राहिले.

"मीच तिला शपथ घातली होती," ते म्हणाले. "अधूनमधून विसरतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण पाठांतर पार गेलंय हे कंपनीत कळलं असतं तर मी घरीच बसलो असतो. तुझ्या पोटात काही राहत नाही, हे तीच म्हणाली होती. कान एवढा हलका आहे, हे मात्र नव्हती बोलली."

"नाना, मला माफ—"

"आत्ता नको. आत्ता मी चिडलोय." त्यांनी पायाने एक स्टूल माझ्याकडे ढकललं. "बस मात्र."

मी बसलो आणि विचारलं, "शिकवताना कशी होती हो?"

"कडक! सहाव्या वाक्याला मी नेहमी अडकायचो. एकदा वही मिटून म्हणाली, नाना, तुमच्यापेक्षा माझ्या वर्गातली शेंबडी पोरं हुशार."

मी हसलो. सात महिन्यांत पहिल्यांदा, आणि इतका, की डोळे पुसावे लागले.

"अजून सांगा," मी म्हणालो. "अजून काय काय म्हणायची?"