टाकीखालची तहान

थोडं वाकून बघा. पेट्रोलच्या टाकीखाली, इंजिनाच्या पाठीशी आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलोय. बोलतोय तो मी, डावा कार्बोरेटर. उजवा माझा जुळा भाऊ. तो अबोल आहे, आणि मी पहिल्यापासून तोंडाळ.

आमची मोटारसायकल जुन्या काळची, दोन सिलिंडरची, म्हणून आम्हीही दोन. काम सांगायला सोपं आहे. हवा आत घ्यायची, तिच्यात बेताचं पेट्रोल मिसळायचं आणि पुढे पाठवायचं. पुढे भिंतीपलीकडे म्हणे आग लागते. ती आग मी आयुष्यात कधी पाहिलेली नाही. तिची धडधड तेवढी अंगाला कळते, आणि इतकी वर्षं झाली तरी दर वेळी मी थक्क होतो. मूठभर धातूच्या आम्ही दोघांनी फुंकर घालावी आणि दोन माणसं सामानासकट घाट चढून जावीत!

मला घडवणाऱ्याचा चेहरा आठवत नाही, हात मात्र आठवतात. त्यानं माझ्या पोटात पितळेचा जेट बसवला. जेट म्हणजे मधोमध भोक असलेला इवलासा स्क्रू. ते भोक एवढं बारीक की त्यात मुंगीचा पाय अडकावा, आणि सगळं पेट्रोल जातं ते त्यातूनच. तेव्हापासून मला माणसाच्या हातांचं फार नवल वाटतं.

मुलुंडला मला आणलं अण्णांनी. गिरणी बंद पडल्यावर ते भांडुपच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले, आणि जरा बरे दिवस आल्यावर ही गाडी घरी आली. गणपतीला अण्णा आणि आई तिच्यावरूनच कणकवलीला जात. कशेडी घाटात अण्णा मान वळवून ओरडत, "ऐक गो, कशी गाता ती!" आई म्हणत, "पुढे बघा आधी!"

अण्णा गेले, आणि गाडी त्यांच्या धाकट्या लेकीकडे, उत्तराकडे आली. अण्णांच्या हाताखाली पाने देत देत ती शिकली होती. आई मात्र त्यानंतर गाडीवर कधी बसल्या नाहीत. रोज सकाळी खाली येत, टाकीपाशी उभ्या राहत, वर काहीतरी करत आणि निघून जात. इतक्या खेटून उभ्या असत की टाकीखालून मला त्यांच्या चपला तेवढ्या दिसायच्या. उदबत्तीचा वास माझ्यापर्यंत यायचा आणि मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटायचं.

हळूहळू गाडी रस्त्यात बंद पडायला लागली. नेमकी त्याच सुमारास बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांनी भाड्याच्या घरांत जायचं ठरलं. उत्तराचा थोरला भाऊ सुयोग सामान बांधता बांधता म्हणाला, "उत्तरा, तिकडे पार्किंग एकच मिळतंय. चालती गाडी असेल तर ठेवू. ढकलायची असेल तर सोमवारी भंगारवाला येतोय, देऊन टाकू. सोड ना यार आता."

"रविवारपर्यंत थांब," उत्तरा म्हणाली. "अण्णांची गाडी मी किलोवर नाही देणार."

शनिवारी सकाळी तिनं कंपाउंडमध्ये वर्तमानपत्र पसरलं आणि आम्हा दोघांना खोललं. पोटातला गाळ पुसला. जेट काढून उन्हाकडे धरला आणि एक डोळा मिटून त्यातून पाहिलं. त्या भोकातून आभाळाचा एक ठिपका तिच्या डोळ्यात उतरला. शप्पथ सांगतो, माझ्या आतून आभाळ दिसतं हे मला तोवर माहीत नव्हतं! मग अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळत, आमच्या दोघांच्या आतले हवेचे पडदे एकाच वेळी उचलले जातात का ते बोटांनी चाचपून तिनं आम्हाला जुळवलं. किक मारली आणि आम्ही एका सुरात गायला लागलो.

"झकास!" ती ओरडली. टाकी काठोकाठ भरली आणि ती निघाली. पण नाहूरच्या पुलाच्या अलीकडेच मला तहान लागली. वर एवढी भरलेली टाकी आणि माझ्या पोटात थेंब नाही. आधी मी खोकलो, मग उजवा, आणि इंजिन गप्प झालं.

पेट्रोल आहे ना, हे बघायला तिनं झाकण उघडलं, लावलं, किक मारली. गाडी सुरू! थोडं पुढे गेली आणि पुन्हा बंद. रविवारी सकाळीही तेच. घामाघूम होऊन ढकलत परत आली तेव्हा सुयोग गेटातच उभा होता.

"कार्बोरेटर गेलेत दोन्ही. वाट लागलीय. कबूल कर ना आता."

आयुष्यभर इमानानं राबलो आणि खापर आमच्यावर! वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण त्याहून वाईट वाटलं उत्तराच्या तोंडाकडे बघून. ती टाकीवर डोकं टेकून उभी राहिली, आणि उगाच हाताला चाळा म्हणून झाकण फिरवलं.

फुस्स!

"थांब सुयोग. ऐकलंस? टाकीनं हवा आत ओढली." तिनं झाकण काढून उलटसुलट केलं. "अरे, टाकीलाही श्वास लागतो. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा यायला हवी. झाकणाला त्यासाठी भोक असतं. ते बुजलंय."

तिनं नखानं खरवडलं. लाल खपली निघाली. कुंकू! थरावर थर, तेलात कालवलेलं, वाळून दगड झालेलं.

तेवढ्यात आई नेहमीसारख्या खाली आल्या, हातात करंडा घेऊन. अण्णा गेल्यावर त्यांनी स्वतःच्या कपाळाला कुंकू लावायचं सोडलं होतं. ते रोज गाडीला लावत होत्या. टाकीवरचं ते गोल, चकचकीत झाकण त्यांना कपाळच वाटलं असणार.

उत्तरानं हळू आवाजात सगळं सांगितलं. आईंनी झाकण हातात घेतलं. "म्हणजे मियाच तिचो जीव कोंडत होतंय काय गो?"

सुयोगनं मान खाली घातली. उत्तरानं टाचणीनं भोक मोकळं केलं.

"मगे आता मी कुंकू लावू खंय?" आईंनी विचारलं.

उत्तरानं करंड्यात बोट बुडवलं आणि आईंच्या कपाळाला टेकवलं. आईंनी तिचा हात धरला. मला वाटलं, बाजूला करतील. त्या तशाच धरून उभ्या राहिल्या.

त्याच दुपारी आई मागे बसल्या. गाडी स्थिर धरून त्यांना सुयोगनंच चढवलं. नाहूरचा पूल आला, मागे गेला, आणि माझं पोट भरलेलंच होतं. कांजूरमार्गच्या भाड्याच्या घरापर्यंत आम्ही श्वास न चुकता गायलो.

आता मी तिथंच असतो, नव्या घराच्या एकुलत्या पार्किंगमध्ये. म्हातारा झालोय, अंगावर डाग पडलेत, पण भिंतीपलीकडच्या त्या न पाहिलेल्या आगीचं नवल अजून संपलेलं नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. एखादी जुनी गाडी रस्त्यात बंद पडली तर आधी आम्हाला शिव्या घालू नका. तिला कुणी किती जीव लावलाय, ते एकदा बघून घ्या.