एक नंबर माल

आमच्या मांसाच्या कारखान्यात यंत्रं सगळी नवी, पण शेवटचा शब्द नाकाचा. सासरे प्रत्येक मालाचा स्वतः वास घ्यायचे आणि मगच गाडी सोडायचे. ते गेल्यावर खुर्चीबरोबर हे कामही मोठ्या भाऊजींकडे आलं. भाऊजी शीतगृहाच्या दारात उभे राहतात, पाकीट फोडतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "एक नंबर." ते खुर्चीवर बसल्यापासून एकही माल खराब निघालेला नाही. असलं नशीब देवाच्याही वाट्याला येत नसेल.

त्या सकाळी हवा काढून बंद केलेली पाकिटं उशांसारखी फुगली होती. माल दवाखान्याच्या स्वयंपाकघरात जायचा होता, आणि त्याच दवाखान्यात सासूबाई ऑपरेशन होऊन पडल्या होत्या.

"भाऊजी, आत जंतू वाढलेत. त्यांच्याच वायूनं पाकिटं फुगलीत."

"इतक्या थंडीत कसले जंतू? गारठून मरतात ते."

"काहींना थंडीच मानवते. त्यांना हवाही लागत नाही."

"चार पुस्तकं वाचलीस म्हणून मला शिकवू नकोस."

त्यांनी पाकीट फोडलं. पॅकिंगच्या बायका मास्कवर हात दाबून मागे सरकल्या, एकीला तर ओकारी आली. भाऊजींनी डोळे मिटून छाती भरून वास घेतला.

"एक नंबर. गाडी भरा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शीतगृहात सर्दी अंगावर काढून काढून या माणसाचं नाक कधीच कामातून गेलं होतं, आणि तरी हा शहाणा नाकानं कांदे सोलत होता. मला रागापेक्षा किळस आली.

मी आत गेले, फरशी पुसायचं फडकं फिनेलमध्ये बुडवलं आणि भांड्यात झाकून आणलं. "हा दुसरा माल, भाऊजी." त्यांनी सवयीनं डोळे मिटले, मग मी झाकण काढलं.

"हाही एक नंबर."

डोळे उघडल्यावर त्यांना फडकं दिसलं. कुणी हसलं नाही. बायका खाली फरशीकडे बघत राहिल्या.

"ती फुगलेली पाकिटं आईंच्या ताटात चालली होती," मी म्हणाले.

भाऊजींनी स्वतः गाडीतली खोकी उतरवली. मला वाटलं, आता तरी हे नाटक संपेल.

कसलं संपतंय. दुसऱ्या दिवशी भाऊजी पुन्हा दारात हजर. पाकीट फोडलं, छाती भरून वास घेतला. या वेळी डोळे तेवढे उघडे होते, आणि ते माझ्यावर होते. मी वास घेतला आणि मान डोलावली.

"एक नंबर," भाऊजी म्हणाले.