त्याच हाताची कलमं

"शेठ, तुम्ही जरा बाहेर थांबा." एवढंसं वाक्य भिंगकाकांनी गाडीत चारदा घोकलं होतं, तरी म्हणताना जीभ अडखळलीच. नर्सरीवाले शेठ हसले. त्यांना वाटलं, काका थट्टा करताहेत. मग काकांनी फॉर्म पुढे केला. आधी कामगाराशी एकट्यानं बोलायचं आणि मग माल बघायचा, असं त्यावर छापलेलंच होतं.

भिंगकाका बागा करून देणाऱ्या एका मोठ्या कंपनीत खरेदी बघत. कलमाचा सांधा भिंगातून तपासल्याशिवाय रोप ट्रकमध्ये चढू द्यायचे नाहीत, म्हणून हे नाव पडलेलं. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि त्यात हे नवं खूळ आलं. कंपनीतल्या एका ताईंनी सगळ्या खरेदीवाल्यांना बसवून शिकवलं होतं, की आपल्याकडे येणारं रोप, कुंडी, फरशी तयार करायला कुणाला डांबून तर ठेवलेलं नाही ना, हे जाऊन विचारायचं. कागदपत्रं कुणाकडे असतात, फाटकाबाहेर जाता येतं का, काम सोडायची मुभा आहे का. काकांनी चहाच्या वेळी यथेच्छ टवाळी केली होती. आता काय गुलाबाच्या पायात बेड्या शोधायच्या का, असं म्हणून चार लोकांना हसवलंही होतं.

शेठ गेले. शेडमध्ये काका आणि कलमं बांधणारी बाई, दोघंच उरली.

बाई बघूनच काका चकित झाले. सहा वर्षं ते या नर्सरीचे गुलाब घेत होते आणि त्यातली एका हाताची कलमं दहा पावलांवरून ओळखत होते. गुलाबाचा डोळा खालच्या खोडात इतका अलगद भरलेला, की सांधा शोधावा लागे. वरची पट्टी मात्र इतरांच्या उलट दिशेनं गुंडाळलेली. हा माणूस डावरा आहे, हे काकांनी पहिल्याच खेपेला ताडलं होतं आणि ऑफिसात शेखीही मिरवली होती. त्यांच्या मनातल्या त्या कारागिराला पांढऱ्या मिशा होत्या. समोर होती तिशी-पस्तिशीची बाई, डाव्या हातात चाकू धरून, मान खाली घालून.

त्यांनी फॉर्मवरचे प्रश्न विचारले. प्रत्येकाला तिनं एकच उत्तर दिलं, सगळं चांगलं आहे. एरवी काका खूण करून माल बघायला उठलेच असते. पण उत्तरं पाठ केल्यासारखी वाटली तर फॉर्मबाहेरचं काहीतरी विचारा, असं ताईंनी बजावलं होतं. म्हणून त्यांनी सहज विचारलं, की घरी शेवटचं कधी जाऊन आलात.

बाईचा हात थांबला. "साहेब, ते पत्र तुमचंच ना?"

तिनं भिंतीकडे बोट केलं. टेबलाच्या वर, काचेच्या चौकटीत, काकांचं पत्र लावलं होतं. कंपनीचा शिक्का आणि खाली त्यांची लांबलचक सही. सहा वर्षांपूर्वी त्या कलमांवर भाळून त्यांनी लिहिलं होतं, की यापुढे आम्हाला याच हाताची कलमं हवीत, दुसऱ्या हाताची स्वीकारली जाणार नाहीत. शेठ त्या कारागिराला हे दाखवतील, त्याची पाठ थोपटतील, असं त्यांना वाटलं होतं.

"मला वाचता येत नाही फारसं. शेठ वाचून दाखवतात," बाई म्हणाली. "कंपनीनं मला लिहून घेतलंय, गेले तर पोलीस मागे लावतील, असं सांगतात. माझे कागद त्यांच्या कपाटात आहेत. पहिल्या वर्षी दोनदा विचारलं, जाऊ का म्हणून. दोन्ही वेळा पत्र वाचलं त्यांनी."

मग ती म्हणाली, "पोरगी पाच वर्षांची होती, बहिणीपाशी ठेवून आले. महिन्यातनं एकदा शेठच्या फोनवर बोलते. आता ती मला 'तुम्ही' म्हणायला लागलीय."

दोन वर्षांपूर्वी एक आख्खी गाडी काकांनी परत पाठवली होती, ती त्यांना आठवली. पट्ट्या सरळ गुंडाळलेल्या दिसल्या आणि त्यांचं डोकं फिरलं होतं. त्यांनी चाचरत त्याबद्दल विचारलं.

"तेव्हा ताप होता मला," ती म्हणाली. "गाडी परत आली, मग दुसऱ्या दिवशी उठून बसले."

काकांना स्वतःची लाज वाटली. इतक्या वर्षांत एकदा जरी म्हटलं असतं, की शेठ, त्या माणसाला बोलवा, मला भेटायचंय, तर हे तेव्हाच कळलं असतं. पण गाडी भरली, की त्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि ते परतीच्या वाटेला लागायचे.

फॉर्म भरताना पत्राचं लिहायचं की नाही, तिथे त्यांचा हात अडखळला, हे खरं. चार महिने राहिले होते, कोण विचारायला येणार होतं? तरी त्यांनी लिहिलं, आणि पत्र कुणाचं, तेही लिहिलं.

बाहेर शेठ गाडीला टेकून उभे होते. "मी तुमच्याच शब्दाला जागलो, काका," ते म्हणाले. "तुम्हाला तोच हात हवा होता."

काकांनी ताईंना फोन लावला. ताई म्हणाल्या, आधी कागद तिच्या हातात द्यायला लावा, मग तिला काय हवंय ते विचारा. कामगार खात्याची माणसं सकाळी पोचतील, तिच्या पगाराचं कंपनी बघेल. एवढं मोठं गिऱ्हाईक हातचं जाईल या धास्तीनं शेठनी मुकाट्यानं कपाट उघडलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. काकांना तेच जास्त लागलं.

बाईला विचारलं, तर ती आत्ताच निघते म्हणाली. तिनं कपड्यांची पिशवी भरली. फाटकाबाहेर आली आणि थबकली.

"बस कुठल्या बाजूला लागते?"

शेडपासून रस्ता दोनशे पावलांवर होता.

"पलीकडे," काका म्हणाले. "पण चला, मी गाडीनं सोडतो. थेट घरापर्यंत."

"नको साहेब. येताना दुसऱ्याच्याच गाडीतनं आणलं होतं. जाताना माझी मी जाईन."

"माझं चुकलं, बाई."

असू दे, असं ती म्हणाली नाही. पिशवी तिनं उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि जायला वळता वळता विचारलं, "पण कलमं चांगली होती ना माझी?"

काकांनी मागे वळून पाहिलं. शेठ फाटकापर्यंत आले होते.

"चांगली होती," काका म्हणाले. शेठना ऐकू जाणार नाही, इतक्या हळू म्हणाले.

बाईनं मान हलवली, दोन्हीकडे बघितलं आणि रस्ता ओलांडला.