तुतीच्या बरणीतला सेन्सर

मी लिंबाच्या कुंडीतला सेन्सर बोलतोय. हल्ली कुंडीत नसतो, तेही सांगतो. जरा हळू बोलतो, सांभाळून घ्या.

माझ्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘स्मार्ट’ छापलं होतं. मला कळतं एवढंच, की माती ओली आहे की कोरडी. तेवढं कुंडीतल्या गांडुळालाही कळतं, पण ते बढाई मारत नाही.

मला दिलोवरनं पाठवलं. तो रशियात इमारतींच्या कामावर असतो. त्याची आई बिबिसोरो ताजिकिस्तानात, दुशान्बे शहरात चौथ्या मजल्यावर एकटी राहते. लिंबाचं झाड त्यानंच शाळेत असताना बी पेरून वाढवलेलं. शेजारच्या मस्तोनाच्या सुनेनं मला मातीत खोचलं आणि फोनला जोडलं.

“हा करतो काय?” बिबिसोरोनं विचारलं.

“माती सुकली की सांगतो, खोला,” सून म्हणाली. खोला म्हणजे मावशी. “इथंही आणि तिकडं दिलोवरच्या फोनवरही.”

बिबिसोरोनं बोट मातीत घातलं. “नाही सुकलेली.” मग बऱ्याच वेळानं मी आकडा दाखवला. ती म्हणाली, “पोरी, बिचारा उशिरा बोलतो गं.”

पियाल्यात उरलेला चहा ती कुंडीतच ओतायची. दर वेळी मी ‘पाणी मिळाले’ असं कळवायचो. माझी अक्कल एवढीच.

मी येण्याआधी दिलोवर दर शुक्रवारी फोन करायचा. आईला तो ओचा म्हणतो. “ओचा, लिंबाला पाणी घातलंत?” यावरून बोलणं सुरू व्हायचं. मग गुडघा, नान किती महागले, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, असं करत अर्धा तास जायचा. मी आलो आणि पाण्याचं उत्तर मीच देऊ लागलो. मग विचारायचं काय राहिलं? एक शुक्रवार गेला, दुसरा गेला. पाचव्या शुक्रवारी बिबिसोरो दुपारभर फोन मांडीवर घेऊन बसली. मी इमानदारीनं कळवत होतो, ‘सर्व ठीक’.

त्यानंतर तिनं पाणी घालायचंच सोडलं.

आठव्या दिवशी मी लाल खूण पाठवली. लगेच फोन वाजला. “ओचा, झाड मरतंय! पाणी घालत नाही का तुम्ही?”

“विसरले रे. म्हातारी झाले. तू जेवलास?”

खूप बोलली त्या दिवशी. पाणी घातलं, की पुन्हा फोन बंद. मग पुन्हा पाणी बंद. असं चार वेळा झालं. झाडाची पानं मुडपली, गळू लागली. बिबिसोरो गळलेली पानं गोळा करायची, डोळे पुसायची, आणि तांब्या तसाच खाली ठेवायची. मी मात्र टक्के मोजत होतो.

एके दिवशी मस्तोना चहाला आली. फांद्या बघून तिच्या सगळं लक्षात आलं.

“अगं सोरो, झाडाचा काय गुन्हा? पोरगा हवाय तर झाडाला कशाला जाळतेस?”

“मग काय करू? तो माझं नाही, याचं ऐकतो,” बिबिसोरोनं माझ्याकडे बोट केलं.

मस्तोनानं मला उपटलं, ओढणीला पुसलं आणि स्वयंपाकघरात वाळवलेल्या तुतीच्या बरणीत खुपसलं. “आता ओरड म्हणावं!”

मी ओरडलो. शून्य टक्के. रोज शून्य टक्के. दिलोवर रोज फोन करू लागला. दोन आठवड्यांनी म्हणाला, “ओचा, फोन फिरवून झाड दाखवा बघू.” कुंडीला आता वेळेवर पाणी मिळत होतं, झाडाला नवी पालवी फुटली होती. त्यानं पानं नीट पाहिली.

“आणि सेन्सर?”

“तुतीत.”

तो हसला, खूप हसला. मग पडद्यावर तिचं तोंड न्याहाळलं त्यानं. म्हणाला, “राहू दे तिथंच.”

गेल्या महिन्यात माझी बॅटरी संपली. ओरड थांबली. शुक्रवार आला, तेव्हा बिबिसोरो फोनकडे बघतच नव्हती, मुद्दाम कणीक मळत होती. फोन वाजला.

“ओचा, यंत्र गप्प झालंय.”

“झाड बरं आहे रे.”

“झाडाचं नाही विचारत. तुमचा गुडघा कसा आहे?”

ती पिठाच्या हातानंच फोन धरून खाली बसली.

तर मंडळी, मला विकत घ्यायचं असेल तर घ्या, माझी ना नाही. पण कुंडीतल्या मातीत जिचं बोट असतं, तिला आधी फोन करा. मी इथं बरा आहे. तुती गोड आहेत म्हणे. मला काय कळतंय त्यातलं!