चाँदपाशाचं कातरण

छापून आलेलं आपलं नाव दोनचारदा वाचलं की माणसाला शिंगं फुटतात. मला फुटली होती. भूमजवळच्या वाशीच्या शाळेत मी मास्तर आणि फावल्या वेळात सोलापूरच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार. एकसष्ट साली संपादकांनी हातच्या कारागिरीवर मजकूर मागवला आणि मी थेट कपडे शिवणाऱ्या चाँदपाशाचं घर गाठलं.

त्याची बायको शरिफाबी वाकळ शिवायची. वाकळी इथं घरोघरी होतात, पण जुन्या लुगड्यांच्या. हिची होती नवऱ्याच्या मशीनखाली पडणाऱ्या कातरणाची, दोन-दोन बोटांच्या तुकड्यांची. तिनं ती बाजेवर पसरली आणि एकेक तुकडा दाखवत गेली.

"हे हिरवं साटीन धुरपताबाईच्या लेकीच्या लग्नातलं. हा पांढरा पाटलाच्या सदऱ्याचा. तुमचाबी हाय की मास्तर, ह्यो निळ्या रेघांचा."

मी भारावलो. सगळं नावानिशी लिहून घेतलं. चाँदपाशानं मशीन थांबवलं. "मास्तर, नावं कशापायी?"

"नावांनीच तर मजा येते," मी म्हणालो. त्यानं मशीन परत चालू केलं.

अंक आल्यावर बिभीषणच्या किराणा दुकानात मीच तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि वाहवाची वाट बघत थांबलो. मीठ घ्यायला आलेली धुरपताबाई म्हणाली, "म्हंजे माझं साटीन उरलं व्हतं. मंग दिलं का न्हाय मला?"

लोक हसले. पाटलाचा गडी म्हणाला, पाटलांनाबी सांगाया पायजे. कात्रीखाली पडलेली चिंधी आजवर कुणी मागितली नव्हती, पण छापून आल्यावर ती चोरी ठरली. बाई, दोन बोटांत चोळी होत नाही, एवढं म्हणायला मला काय धाड भरली होती? मी अंकाची घडी घातली आणि घरी आलो. त्या घरी येण्याची मला अजून लाज वाटते.

महिन्याभरात गावाचं कापड शिवायला भूमला जाऊ लागलं. चाँदपाशाच्या दारात गिऱ्हाईक दिसेना. माफी मागायला म्हणून मी निघालो खरा, पण शब्द सुचेनात, म्हणून सदऱ्याचं कापड काखोटीला मारून गेलो. अंगणात शरिफाबी वाकळ उसवत बसली होती. ज्याचा तुकडा त्याच्या घरी पोचवायचा होता.

"बसा मास्तर," ती म्हणाली. तिनं चहाही केला. मी तो प्यालो, माप दिलं आणि माफी पोटातच घेऊन परतलो.

चार दिवसांनी सदरा तयार झाला. असा नेटका सदरा मला आयुष्यात कुणी शिवला नव्हता. सोबत चाँदपाशानं एक पुरचुंडी पुढं केली. तीत गळ्याचा, काखेचा, बाहीचा प्रत्येक तुकडा होता, कापलेले दोरेसुद्धा. आणि सगळ्यात वर तो निळ्या रेघांचा तुकडा, कडेनं सुईची भोकं पडलेला.

"बघून घ्या मास्तर. काय राहिलं न्हाय ना?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला ती पुरचुंडी नको होती. पण तिथं ठेवून आलो असतो, तर चाँदपाशाच्या घरी पुन्हा दुसऱ्याचं कापड राहिलं असतं. म्हणून मी ती उचलली.